कार्ड हाती आले, दवाखाना कुठे?

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या मुहूर्तावर, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आयुष्मान भारत योजनेची कवाडे सत्तरी गाठलेल्या प्रत्येक भारतीयासाठी उघडली. उत्पन्नाची अट नाही, दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, जातीचा वा पंथाचा प्रश्न नाही. वय हीच एकमेव पात्रता. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळेल, असा केंद्र सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. कार्डाला नावही समर्पक दिले गेले, ‘आयुष्मान वय वंदना’. वृद्धांकडे मतपेढी म्हणून न पाहता वंदनीय म्हणून पाहणाऱ्या या दृष्टीचे स्वागतच झाले पाहिजे. केंद्राला श्रेय मिळू नये एवढ्यासाठी आपल्या राज्यातील वृद्धांना दूर ठेवण्याचा करंटेपणा त्या वेळी दिल्ली आणि पश्चिम बंगालच्या सरकारांनी केला. दिल्लीत सत्तांतर झाल्यावर एप्रिल २०२५ मध्ये तेथील वृद्धांची ही कोंडी फुटली, हेही सर्वांना ठाऊक आहे.

महाराष्ट्राने तर याआधीच एक मोठे पाऊल टाकले होते. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व रहिवासी कुटुंबांना पाच लाखांच्या मर्यादेसह तिच्या छत्राखाली घेण्यात आले. पिवळी, केशरी, पांढरी असा शिधापत्रिकेचा भेद त्या दिवशी संपला. कागदोपत्री पाहता आज अहिल्यानगर जिल्ह्यातील एकही वृद्ध शासकीय आरोग्य संरक्षणाबाहेर नाही.

असे असूनही या जिल्ह्यातील एखाद्या गावातील पंचाहत्तर वर्षांच्या आजीबाई कार्ड पदराच्या गाठीला बांधून तालुक्याच्या ठिकाणी जातात, तेव्हा काय होते? गुडघे धरले आहेत, रात्री चार वेळा उठावे लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बीपीची गोळी संपून पंधरा दिवस झाले आहेत. खासगी डॉक्टर कार्ड उलटसुलट पाहतात आणि परत देतात. येथे हे चालत नाही. मोठ्या रुग्णालयात जावे, तर तेथील आरोग्यमित्र सौजन्याने सांगतो की, भरती करावे लागेल असा आजार असेल तरच कार्ड लागू होते. आजीबाईंना भरती व्हायचे नाही. त्यांना कोणीतरी नीट तपासायला हवे आहे, औषध हवे आहे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कधी यायचे ते सांगणारा माणूस हवा आहे. येण्याजाण्याचे एस.टी.चे भाडे, सोबत आलेल्या नातवाचा बुडालेला दिवस आणि तपासणीची फी हे सारे पदरमोड करूनच भागते.

यात आरोग्यमित्राचा दोष नाही आणि डॉक्टरांचाही नाही. योजनेची रचनाच तशी आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ही दुसऱ्या व तिसऱ्या स्तरावरील, म्हणजे रुग्णाला दाखल करून करावयाच्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरच्या तपासण्यांचा व औषधांचा काळ तीत धरलेला आहे. बाह्यरुग्ण विभागातील रोजची तपासणी तीत बसत नाही. एका मोठ्या आजाराने मध्यमवर्गीय कुटुंबाचे घर आणि शेतकऱ्याची जमीन विकली जाऊ नये, हा या योजनेचा हेतू होता आणि तो तिने मोठ्या प्रमाणावर सफल केला आहे. कमी पडले आहे ते दुसरेच. सत्तरीनंतरचे आजार बहुधा रुग्णालयाच्या खाटेवर सुरू होत नाहीत. ते ओसरीवर, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आणि संपलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात सुरू होतात.

रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला आणि एके पहाटे आजोबांचा उजवा हात उचलेनासा झाला, की योजना धावून येते. रुग्णवाहिका येते, अतिदक्षता विभाग मिळतो, काही हजारांचे वा लाखांचे बिल शासन भरते. पण गेलेला हात बहुधा पूर्वीसारखा परत येत नाही आणि घरातील एक माणूस पुढे कित्येक वर्षे अंथरुणाशी बांधला जातो. तो माणूस बहुतेक घरांत सून असते, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. हाच रक्तदाब महिन्याला एकदा गावात मोजला गेला असता आणि जनौषधी केंद्रात अत्यल्प किमतीत मिळणारी गोळी नियमित पोटात गेली असती, तर हा प्रसंग टळण्याचा संभव मोठा होता. शासनाच्या तिजोरीच्या दृष्टीने पाहिले तरी हिशेब अवघड नाही.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि चौदा तालुके. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. त्याच जनगणनेनुसार राज्यात साठीवरील लोकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते. ते प्रमाण येथे लावले तरी त्या वेळीच जिल्ह्यात साडेचार लाखांच्या आसपास वृद्ध असले पाहिजेत, आणि त्यानंतर प्रमाण वाढतेच आहे. अकोले तालुक्यातील राजूर-भंडारदऱ्याकडच्या डोंगरातील महादेव कोळी म्हाताऱ्याला जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील अनेक वस्त्यांवर दिवाळीनंतर धडधाकट माणूस दिसत नाही. कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला निघून जातात आणि मागे राहतात म्हातारी माणसे व त्यांच्या ओट्यात टाकलेली नातवंडे. बागायती तालुक्यांतील चित्र वरवर वेगळे. तेथे घर पक्के आहे, दारात गाडी आहे. पण मुलगा पुण्याला किंवा चाकणला, मुलगी बंगळुरूला किंवा परदेशात, आणि बंगल्यात दोनच वृद्ध जीव. पैसा आहे, सोबत नाही. एकत्र कुटुंब हा हिंदू समाजाचा खरा आरोग्य विमा होता. तो विमा विरत चालला आहे आणि त्याची जागा घेणारे दुसरे काही अद्याप उभे राहिलेले नाही.

विशेष म्हणजे, वृद्धांची नियमित तपासणी आणि औषधे सार्वजनिक खर्चातून कशी पुरवता येतात, याचे उदाहरण याच शहरात आहे. अहिल्यानगर हे जुने लष्करी ठाणे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली, तिचे पॉलिक्लिनिक येथे चालते. निवृत्त सुभेदार तेथे कार्ड दाखवतो, डॉक्टर तपासतात, महिन्याची औषधे मिळतात, आणि गरज पडली तर तेथूनच मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. देशासाठी आयुष्य वेचलेल्या जवानाला हे मिळालेच पाहिजे. मात्र त्याच गावात ज्या शेतकऱ्याने चाळीस वर्षे धान्य पिकवले, त्याच्या कार्डाला ही पहिली पायरीच नाही. कारखान्याच्या कामगारांचीही कथा तशीच. ज्या जिल्ह्यात आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, तेथील साखर कामगार कामगार राज्य विम्याच्या कक्षेत सहसा आलाच नाही. कारण १९४८ च्या त्या कायद्याने साखरेचे कारखाने ‘हंगामी’ ठरवून वगळले होते. औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेल्या विमाधारकाला वर्षाला अवघे १२० रुपये भरून पत्नीसह उपचार चालू ठेवता येत असत, हे मात्र अनेक पात्र कुटुंबांना कधी कोणी सांगितलेच नाही.

मग वृद्धांनी जायचे कुठे? याचे उत्तर असे की, त्यांचा दवाखाना कागदावर पंधरा वर्षांपासून अस्तित्वात आहे, आणि तेथे कार्ड लागतच नाही. २०१०-११ मध्ये केंद्राने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याची आखणी उत्तम आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग व दहा खाटांचा कक्ष. ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर आठवड्यातून दोनदा वृद्धांचा दवाखाना व व्यायामोपचार. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला वार. आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन भेट. त्याआधी २००७ मध्ये संसदेने आई-वडिलांच्या व ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा केला. मुलांनी आई-वडिलांना पोटगी द्यावी एवढाच त्या कायद्याचा अर्थ अनेकांना ठाऊक असतो. परंतु त्याचे विसावे कलम शासनालाही बांधते. शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा, वेगळी रांग, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धरोगांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली राखीव व्यवस्था, असे ते कलम सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या दवाखान्यांतील तपासणी व उपचार विनामूल्य केले, केसपेपरचे शुल्कही रद्द केले. गावोगावच्या उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी व पुढे आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले आणि तेथील बारा सेवांमध्ये वृद्धांची शुश्रूषा नावानिशी समाविष्ट आहे. महाराष्ट्रात या केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात. ज्या शास्त्राने आपल्या आठ अंगांत जरेच्या चिकित्सेला स्वतंत्र स्थान दिले, त्याचे स्नातक आज वृद्धाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर बसले आहेत. ही गोष्ट लहान नाही.

पण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांचा वार कोणता, असे दहा गावांत विचारून पाहावे. किती ठिकाणी उत्तर मिळेल? केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचा वार रंगवलेला असतो आणि तो पाळला जातो. कारण त्यामागे दशकांचा आग्रह आहे, वरून विचारणा आहे आणि गावातील आयांना तो वार पाठ आहे. वृद्धांचा वार कोणी विचारत नाही, म्हणून तो भरवण्याची निकड कोणाला वाटत नाही. त्यात कारभाराची दोन टोके आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. एकीकडे लिहून दिलेली गोळी दुसरीकडे शिल्लक असेलच असे नाही, आणि म्हातारा मात्र एकच असतो. सहा नोव्हेंबर २०२१ रोजी जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत कोरोनाच्या रुग्णांचे बळी गेले. ती जखम लोकांच्या मनात आहे. शासकीय दवाखान्यावरचा विश्वास अशा घटनांनी एका रात्रीत जातो आणि परत मिळवायला वर्षे लागतात.

विश्वास कसा मिळवता येतो, हे पाहायला फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला. गावातीलच बाया, त्यांतील अनेक निरक्षर आणि अनेक उपेक्षित जातींतील, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवल्या. ज्या भगिनीच्या हातचे पाणीही पूर्वी वरच्या आळीत घेतले जात नव्हते, तिचा सल्ला बाळंतपणात त्याच आळीत मागितला जाऊ लागला. समरसतेचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. आरोळे दांपत्याची श्रद्धा ख्रिस्ती होती. पण दुष्काळी तालुक्यात सिद्ध झालेली पद्धत शिकताना त्यावरून मान फिरवणे शहाणपणाचे ठरणार नाही. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. नगरकरांनी मात्र या ठेव्याचा उपयोग किती करून घेतला, याचा विचार करावा. तेथील मुख्य धडा असा की, पहिला उपचार डॉक्टर नव्हे तर गावातील शिकवलेला, विश्वासू माणूस करतो. वृद्धांच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरे आहे. रक्तदाब मोजणे, गोळ्या चुकल्या का ते पाहणे, पायाची जखम वेळीच हेरणे, चष्म्याचा नंबर वाढला आहे हे ओळखणे, यासाठी सुपर स्पेशालिटीची गरज नसते.

संघकार्यकर्त्यांना हे काम परके नाही. १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रा. स्व. संघ जनकल्याण समितीने ठिकठिकाणी रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे चालवली. चाकाची खुर्ची, पलंग, वॉकर या वस्तू अल्प मोबदल्यात घरी नेता येतात, याचा आधार हजारो मध्यमवर्गीय घरांनी घेतला आहे. १९८९ मध्ये काही ध्येयवादी तरुण डॉक्टरांनी संभाजीनगरला डॉ. हेडगेवार रुग्णालयाचा प्रारंभ केला. तो वारसा नव्या गरजेला लावण्याची वेळ आली आहे. शताब्दीच्या निमित्ताने संघाने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि नागरी कर्तव्य हे दोन विषय आहेत, आणि वृद्धांचे आरोग्य या दोहोंच्या बरोबर मध्ये येते.

शाखेच्या परिसरातील सत्तरी ओलांडलेल्यांची यादी करणे हे एका आठवड्याचे काम. कार्ड काढण्यासाठी आधार पुरेसा असतो. पण कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने वा चेहऱ्याच्या ओळखीने नोंद होते, हे सांगायला कोणीतरी सोबत लागते. जुन्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी अशी अंदाजाने पडली आहे. ज्याचे खरे वय बाहत्तर, तो कागदावर अडुसष्ट असतो आणि वय वंदनेला मुकतो. अशांना महात्मा फुले योजनेचा लाभ वयाविना आहेच. तो सांगावा आणि तारीख दुरुस्तीलाही मदत करावी. एका घरातील सत्तरीवरील पती-पत्नींना पाच लाखांची मर्यादा दोघांत मिळून असते, याचीही कल्पना आधी द्यावी.

रुग्णालय निवडतानाची खबरदारी वेगळीच. ‘अंगीकृत’ अशी पाटी असली तरी ते रुग्णालय सर्वच आजारांसाठी अंगीकृत असते असे नाही. एखादे केवळ अस्थिरोगासाठी असते, एखादे केवळ मूत्रपिंडासाठी. म्हणून दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राकडे आजाराचे नाव सांगून खात्री करावी. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत. एकाकी वृद्धांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ २०२१ पासून देशभर सुरू झाली. हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीशेजारी चिकटवावेत. पैसे मागितले गेले तर लेखी पावती मागावी. पावतीचा शब्द काढताच मागणी मागे घेतली जाते, असा अनुभव अनेक कुटुंबांनी सांगितला आहे.

शासनाकडे मागणी करायची ती एकाच गोष्टीची, आणि ती आपलेपणाच्या अधिकाराने करायची. वय वंदना कार्डाला प्राथमिक उपचारांची जोड द्यावी. थायलंडने २००१-०२ मध्ये आपल्या सर्व नागरिकांसाठी जी योजना आणली, तीत प्रत्येकाचे नाव जवळच्या आरोग्य केंद्राच्या जाळ्याशी जोडले गेले आणि त्या जाळ्याला माणशी ठरावीक रक्कम मिळू लागली. माणूस आजारी पडला तरच पैसा, असा व्यवहार तेथे राहिला नाही. पाश्चात्त्यांची नव्हे, एका आशियाई बौद्ध देशाची ही रीत आहे आणि ती भारताला झेपणारी आहे. प्रत्येक कार्डधारक वृद्धाचे नाव एका आयुष्मान आरोग्य मंदिराशी, अथवा अटी मान्य करणाऱ्या गावातील डॉक्टर वा वैद्यांशी जोडावे; वर्षाला ठरावीक मानधन द्यावे; आणि किती जणांचा रक्तदाब व साखर आटोक्यात राहिली, हे विचारावे. तालुक्याच्या गावी पन्नाशी-साठीतले कितीतरी जुने फॅमिली डॉक्टर आजही आहेत, ज्यांना तीन पिढ्यांचे आजार पाठ आहेत. त्यांना या योजनेत आणले नाही, तर पुढील पंधरा वर्षांत ही जमातच संपेल.

३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे या जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली आणि ६ मे २०२५ रोजी, देवींच्या त्रिशताब्दी वर्षात, राज्य मंत्रिमंडळाची बैठक त्याच चौंडीत भरली. अहिल्यादेवींनी वाटसरूंसाठी विहिरी बांधल्या, धर्मशाळा बांधल्या. राजधानी महेश्वरला असूनही त्यांची नजर दूरच्या वाटेवरच्या थकल्या माणसावर होती. त्यांच्या जन्मतालुक्यातील, जामखेडमधील, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांचा वार नियमाने भरवून पाहण्यास नव्या कायद्याची वा नव्या निधीची वाट पाहावी लागणार नाही. अधिकारी, औषधे आणि इमारत यांची तरतूद आधीच झालेली आहे. प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे, तिच्या हाती थोडा निधीही असतो. तीत एखाद्या निवृत्त शिक्षकाने वा माजी सैनिकाने ज्येष्ठांच्या वतीने नेमाने बसावे.

१ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, गावोगाव ग्रामसभा भरते. तिच्या विषयपत्रिकेवर यंदा एक प्रश्न लेखी घ्यावा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांचा दवाखाना कोणत्या वारी असतो, आणि गेल्या तीन महिन्यांत तो किती वेळा भरला? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी.